कुंदानं मागितलेला गुरुवार

लीलाधरला पोरगी भेटवायची तर गुरुवारीच, हे कुंदानं कोर्टाची पायरी चढायच्या कितीतरी आधी ठरवून ठेवलं होतं. आमच्या नशिराबादच्या घरात, चुलीपुढे. ती भाकरी थापत होती आणि मी, तिची भावजय सुनंदा, शेकत होते.

"वहिनी, बाकी त्याले काय पाहिजे ते घेऊ दे," ती म्हणाली. "वार मी मांगीन."

मला आधी उमगलंच नाही. उमगलं तेव्हा तव्यावरची भाकरी करपली आणि मला त्याचं काही वाटलं नाही. इतका आनंद झाला होता मला. कोणी म्हणेल, नवराबायकोच्या भांडणात भावजयीला कसला एवढा आनंद? म्हणू दे. कुंदा आमच्या दारात परत आली तेव्हा तिची काय दशा होती ती ह्या डोळ्यांनी मी पाहिली आहे.

लीलाधर यावलकडचा. केळीच्या बागा, घरात दूधदुभतं, दारात बैलजोड्या. स्थळ चालून आलं तेव्हा आम्हीच हुरळून गेलो होतो. त्या गावात सगळं केळीवर चालतं. घड कापायचे, बैलगाड्यांत भरायचे, रेल्वेच्या स्टेशनावर न्यायचे आणि वॅगन लागली की त्यात चढवून दिल्लीकडे रवाना करायचे. वॅगन काही कोणाच्या बापाची वाट बघत नाही. माल वेळेवर पोचला नाही तर कापलेली केळी जागच्या जागी पिकून काळी पडतात. म्हणून प्रत्येक गावाला वार ठरवून दिलेला. लीलाधरच्या गावाचा वार गुरुवार.

द्वारका पाच वर्षांची होती तेव्हा कुंदाला दुसऱ्या खेपेला दिवस गेले होते. कळा सुरू झाल्या त्या गुरुवारी पहाटे. मूल आडवं होतं. गावची सुईण हात धुऊन बाजूला झाली आणि म्हणाली, "इले जळगावले न्या. आत्ता न्या." लीलाधर दारात उभा होता, डोक्याला फडकं बांधून, निघायच्या तयारीत. तो काय म्हणाला ते मला कुंदानं इतक्या वेळा सांगितलं आहे की मीच तिथं होते असं वाटतं.

"आज वॅगन लागेल आहे. बठ्ठ्या गाड्या ठेसनावर गेल्या. सांजले नेतो."

अंगणात एकही बैलगाडी उरली नव्हती, सगळ्याच स्टेशनावर गेलेल्या. त्याची आई झुंबरबाई घरातच होती. तीही म्हणाली, बायका काय बाळंत होत नाहीत का. संध्याकाळी तो आला तेव्हा सगळं आटपलेलं होतं. पोर मेलेलंच जन्मलं. आणि हा बाबा ओसरीवर पाय धुता धुता विचारतो, "पोरगा होता का?"

पोरगा होता.

सव्वा महिना झाल्यावर कुंदा द्वारकेला घेऊन आमच्याकडे आली ती परत गेली नाही. घरात बसून राहणारी ती नव्हे. दाईचं काम शिकली आणि धुळ्याला एका डॉक्टरीणबाईंच्या प्रसूतिगृहात नोकरीला लागली. दिवसभर दुसऱ्यांची पोरं जगात आणायची. मी एकदा तिला विचारलं होतं, "तुला हे करवतं कसं?" ती म्हणाली, "एकेक जिवंत पोर हातात आलं की मला माझ्या त्या पोराचं तोंड आठवतं आणि राग ताजा राहतो."

वेगळं राहण्याचा दावा तिनं तीन-चार वर्षांनी जळगावच्या कोर्टात लावला तेव्हा लीलाधरनं उलट मागणी केली की मुलगी माझ्याकडे द्या. आता बघा! पोरगी पाच वर्षं त्याच्या अंगणात खेळत होती तेव्हा तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही त्यानं. बायको गेली, गावात नाक कापलं गेलं, मग लेकीची आठवण झाली. तडजोड करा, असं न्यायाधीश साहेबांनीच सुचवलं. दोन्ही बाजूंनी वार, सण, वेळा ठरवायच्या होत्या.

तिथं कुंदाचं डोकं चाललं. लीलाधर म्हणाला, आखाजीच्या सणाला पोरगी माझ्याकडे पाहिजे. कुंदा म्हणाली, घ्या. सगळ्या पोरी आखाजीला झोके घेतात, तिनं कुठे घ्यावेत हा माझा हट्ट नाही. तो म्हणाला, दिवाळीत काही दिवस. ती म्हणाली, घ्या. साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे कौतुकानं बघितलं. ते नवीनच बदलून आलेले होते, पुण्याकडचे. केळी त्यांनी फक्त ताटात पाहिलेली.

"माझं एवढंच म्हणणं आहे साहेब," कुंदा खाली बघत म्हणाली, "महिन्यातून एकदा बापानं स्वतः येऊन मुलीला भेटावं. जळगावच्या मोटार स्टँडवर मी तिला घेऊन येईन. धुळ्याची दुपारची गाडी सुटेपर्यंत त्यांनी तिला खुशाल जवळ ठेवावं. मला सुट्टी गुरुवारची असते, तेव्हा गुरुवारी. लागोपाठ तीन वेळा आले नाहीत तर मात्र भेटही गेली आणि आखाजी-दिवाळीही गेली. लेकरानं तरी किती ताटकळावं?"

सुट्टी गुरुवारची असते! ती असायची रविवारची. प्रसूतिगृहात तिच्या जोडीला साबेरा नावाची बाई होती, तिची सुट्टी गुरुवारची. कुंदानं डॉक्टरीणबाईंचे पाय धरले आणि अदलाबदल करून घेतली. साबेरा खूष झाली, तिची मुलं रविवारी घरी असायची. "आता इतवार मी कोणाला परत देणार नाही हां," असं तिनं हसत हसत बजावलंसुद्धा. आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुंदा, हे शेवटचं. पुन्हा वार बदलून मागायला आलीस तर नोकरीच बदल."

मी कोर्टात मागच्या बाकावर बसून लीलाधरकडे बघत होते. गुरुवार हा शब्द ऐकताच त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. बोलणार काय? वॅगन हा शब्द त्यानं उच्चारला असता तर कुंदानं तिथल्या तिथं मेलेलं पोर त्याच्या पदरात घातलं असतं. आजवर तिनं ते कोर्टात काढलं नव्हतं. आमच्या तोताराम वकिलांनाही सांगितलं नव्हतं. ह्या घटकेसाठीच राखून ठेवलं होतं आणि ते त्याला कळत होतं.

"चालेल ना?" साहेबांनी विचारलं.

"चालेल," लीलाधर म्हणाला.

बाहेर आल्यावर कुंदा मला म्हणाली, "आता निवडू दे त्याले परत. दर महिन्याले निवडू दे."

मी तिला रस पाजला. असा रस मी जन्मात प्याले नव्हते.

पहिल्या गुरुवारी मीही नशिराबादहून जळगावला गेले. म्हटलं, हा सोहळा चुकवायचा नाही. कुंदा आणि द्वारका धुळ्याच्या गाडीतून उतरल्या. द्वारकेला कुंदानं नवी परकरचोळी शिवली होती, दोन वेण्या घट्ट घालून लाल फिती बांधल्या होत्या. अगदी दृष्ट लागेलशी नटवली होती. बापानं बघितलं तर त्याचा जीव तुटावा आणि नाही आला तर पोरीचा, असा तो सगळा थाट. मला तो त्याच दिवशी कळला आणि तरी मी पोरीच्या फिती पुन्हा नीट केल्या.

यावलकडून गाड्या येत होत्या. प्रत्येक गाडी आली की द्वारका उठायची, उतरणाऱ्यांची तोंडं बघायची आणि पुन्हा बसायची. लीलाधर आला नाही. दुपारची गाडी लागली तेव्हा कुंदा लेकीला म्हणाली, "पाहिलं ना? तुझ्या बापाले घड प्यारे, केये प्यारे."

द्वारका आईच्या आधी गाडीत चढली. रडलीही नाही. मोठी गुणाची पोर, असं मी मनात म्हटलं.

दुसऱ्या खेपेला लीलाधरचा सालदार गडी चिंधा आला. पोत्यात गुंडाळलेला केळीचा घड त्याच्या डोक्यावर. घाम पुसत म्हणाला, "बाई, मालक कापनीवर आहेत. मानूस भेटत नही. त्यायनं सांगेल आहे, शुक्रवारी यिऊ द्या पोरीले. पाया पडतो म्हने."

"कोर्टात बाप लिहिलेला आहे," कुंदा म्हणाली. "सालदार नाही."

"बाई, घड तरी ठिऊन घ्या. पोरगी खाईन."

"ह्याच घडापायी तिचा भाऊ गेला. घेऊन जा तो."

चिंधा बिचारा घड उचलून आला तसा गेला. मला त्याची कीव आली, पण लीलाधरची नाही आली. उलट मनात म्हटलं, आता कळतंय ना दुसऱ्याच्या दारात विनवण्या कशा करतात? द्वारका चिंधाच्या मागे स्टँडच्या फाटकापर्यंत चालत गेली. चिंधाला तिनं काहीतरी विचारलं, त्यानंही काही सांगितलं. परत आल्यावर कुंदानं विचारलं, "काय बोलत होती?" तर म्हणे, "बैलायचं विचारलं."

तिसऱ्या गुरुवारी कुंदा पहाटेपासून पेटलेली होती. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. बाकावर ताठ बसलेली, डोळे सारखे रस्त्याकडे. आज तो आला नाही की संपलं. भेट नाही, आखाजी नाही, दिवाळी नाही. म्हातारी झुंबरबाई नातीच्या तोंडाला पारखी होणार. एकेक गाडी येत होती आणि रिकामी होत होती. मी बोटांवर गाड्या मोजत होते, आनंदानं.

धुळ्याची गाडी लागली. कंडक्टर ओरडायला लागला. कुंदा उठली, तिनं द्वारकेचा हात धरला आणि तेवढ्यात मला तो दिसला.

लीलाधर फाटकातून पळत येत होता. पायात काही नाही. अंगातला सदरा केळीच्या चिकानं काळा झालेला. कोणाच्या तरी मालमोटारीवर बसून आला असावा, नाहीतर अर्धी वाट चालत. माल स्टेशनावर टाकून आला होता हे तर दिसतच होतं. म्हणजे त्या दिवशी निदान एकदा तरी त्यानं वॅगन सोडली होती.

"थांब! कुंदे, थांब!"

कुंदानं त्याला पाहिलं. नीट पाहिलं. मग तिनं द्वारकेला पायरीवर उचलून ठेवलं, आत ढकललं आणि स्वतः चढली.

"गाडी सुटेपर्यंतची वेळ होती," ती दारातून म्हणाली. "गाडी सुटली."

सुटली कुठे होती! पण कंडक्टरनं घंटी मारली आणि ती सुटली. लीलाधर पत्र्यावर हात मारत गाडीबरोबर पळत होता. "द्वारके! पोरी!" असं ओरडत होता. खिडकीत द्वारकेचं तोंड होतं. तिनं हात बाहेर काढला नाही. त्याच्याकडे बघत राहिली आणि मग मान वळवून आईकडे बघायला लागली.

मी स्टँडवर एकटी उभी. लीलाधर धुळीत उभा, धापा टाकत. मी त्याच्याजवळ गेले आणि म्हटलं, "सांजले नेतो म्हणाला होतात ना पाहुणे? आता न्या." बोलून मला इतकं हलकं वाटलं की नशिराबादपर्यंत मी मनातल्या मनात तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते.

त्यानं कोर्टात अर्ज केला, मुलगी मला द्या, निदान भेटी तरी परत द्या. भेटी चुकल्याचं कारण अर्जात नुसतं कामाची अडचण असं होतं. आमच्या वकिलांनी छाती ठोकून सांगितलं की अर्ज टिकत नाही, अटी स्पष्ट आहेत, तीन भेटी चुकल्या. पण साहेब म्हणाले, मुलगी आता नऊ वर्षांची आहे, मला एकदा तिलाच विचारू द्या.

कुंदानं आठवडाभर लेकीची तयारी करून घेतली. साहेब विचारतील, बाप आला होता का? तू म्हणायचं, तीन वेळा आला नाही. साहेब विचारतील, कोणाकडे राहायचं? तू म्हणायचं, आईकडे. द्वारका प्रत्येक वेळी मान हलवायची.

साहेबांनी गर्दी बाहेर काढली. वकील, कुंदा, लीलाधर आणि दारापाशी मी, एवढेच उरलो. शिपायानं द्वारकेला टेबलाजवळ स्टूल दिलं.

"तुझे वडील तुला भेटायला आले नाहीत ना?" साहेबांनी मऊ आवाजात विचारलं.

"दोनदा नही आले," द्वारका म्हणाली. "तिसऱ्यांदा आले होते. मायनं मले गाडीत बसवलं."

कुंदानं श्वास आत ओढला तो मला दारापर्यंत ऐकू आला.

"आणि दोनदा का आले नाहीत?"

"गुरुवारी वॅगन लागतात. केये नेवा लागतात ठेसनावर."

"हे तुला वडिलांनी सांगितलं?"

द्वारकेला हा प्रश्न खुळाच वाटला असावा. "आमच्या गावात लहान पोरायलेबी माहीत आहे," ती म्हणाली. "मायलेबी माहीत आहे."

आम्ही दोघी शहाण्या बायांनी सगळ्याचा विचार केला होता. साहेब कुठले, वकिलाला काय सांगायचं, सुट्टी कशी बदलायची. पोरगी त्याच गावच्या केळीत वाढली आहे, गुरुवारी गावातल्या गाड्या कुठे जातात ते पाच वर्षांची होईपर्यंत बघत होती, हे काही आमच्या डोक्यात आलं नाही. म्हणजे पहिल्या गुरुवारी लाल फिती बांधून बाकावर बसली तेव्हाच तिला ठाऊक होतं की बाप येणार नाही. आणि आईलाही ते ठाऊक आहे, हेसुद्धा.

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, तुम्हाला हे माहीत होतं?"

कुंदा खोटं बोलली असती तरी चाललं असतं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "होतं. म्हणूनच मागितला." मग तिनं सगळं सांगितलं. पहाट, आडवं मूल, रिकामं अंगण, सांजले नेतो, ओसरीवर धुतलेले पाय. आवाज चढवला नाही, डोळ्याला पदर लावला नाही. लीलाधर टेबलाच्या कडेला धरून खाली बघत होता. त्याच्या नाकावरून पाणी टपकत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. मला वाटलं, फिटलं! भर कोर्टात त्याला नागडा केला. आता साहेब त्याला पोरीची सावलीसुद्धा दिसू देणार नाहीत.

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग द्वारकेकडे वळले. "बाळ, आता तूच सांग. तुला कोणाकडे राहायचं आहे?"

"बाबाकडे," द्वारका म्हणाली.

कुंदा बसली.

"बरं," साहेब म्हणाले. "मग आई तुला भेटायला येईल. कधी यावी असं वाटतं तुला?"

द्वारका स्टुलावर वळली. तिनं आईकडे बघितलं, त्या दिवशी खिडकीतून बघत होती तसंच. ही पोर धुळ्याच्या त्या एका खोलीत राहिलेली. साबेराच्या मुलांबरोबर खेळलेली. कोणाची सुट्टी कधी, कोण कोणाला काय बजावून बसलं आहे, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, सगळं तिच्यासमोर झालेलं.

"रविवारी," ती म्हणाली. "गुरुवारी नको."

"शाबास," साहेब म्हणाले. त्यांना वाटलं, बापाचं काम सांभाळून बोलते आहे. समंजस मुलगी! "गुरुवारी वडील कामात असतात, खरंच आहे. रविवार." त्यांनी लिहून घेतलं आणि कुंदाला विचारलं, "चालेल ना?"

लीलाधरला काही कळलं नाही. वकिलांना तर नाहीच. कुंदानं तोंड उघडलं. रविवारी मला सुट्टी नसते, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोलली असती तर साहेबांनी विचारलं असतं की बाई, मग सुट्टी बदलून का घेत नाही, आणि ती आधीच एकदा कशासाठी बदलली होती तेही सांगावं लागलं असतं. ती लेकीकडे बघत होती, लेक तिच्याकडे.

"चालेल," कुंदा म्हणाली.

लीलाधर लेकीचा हात धरून बाहेर पडला. ती मागे वळून बघेल म्हणून मी दार सोडून बाजूला झाले, पण ती बापाशी बैलांबद्दल काहीतरी बोलत पायऱ्या उतरत गेली. मी आत आले. कुंदा अजून तिथंच बसलेली. माझ्या तोंडात त्या पोरीसाठी नाही नाही ते शब्द आले होते, कार्टी, साप, बापाचीच औलाद. मी त्यातला एक बोललेसुद्धा.

कुंदानं मान हलवली.

"बापाची नही, वहिनी," ती म्हणाली. "माझीच आहे."